कृष्णविवर काळे, मग क्ष-किरणांत नेमके काय दिसते?

शततारका (धागाकर्ता)

आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटावर मागच्या आठवड्यात कोणीतरी क्रॅब तेजोमेघाचे, म्हणजे फुटलेल्या एका ताऱ्याच्या अवशेषाचे, निळ्या-जांभळ्या रंगांतले चित्र टाकले आणि खाली 'नासाच्या दुर्बिणीतून असे दिसते' अशी ओळ लिहिली. त्यावरून दोन दिवस वाद रंगला. एका पक्षाचे म्हणणे असे की हे रंग संगणकावर भरलेले असल्यामुळे चित्रच खोटे आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की एवढ्या मोठ्या संस्थेने प्रसिद्ध केले म्हणजे ते तसेच असणार. मला दोन्ही पक्ष मूळ मुद्द्यापासून लांब वाटले, आणि तिथे चार ओळींपेक्षा जास्त कोणी वाचत नाही, म्हणून हा धागा.

क्ष-किरण दुर्बिणीकडून आपल्या हाती येतो तो एक तक्ता. चित्र आपण त्यावरून मागाहून तयार करतो. नासाच्या चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. त्यांतली क्रॅबची एक फाइल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा तेजोमेघ दिसेल या अपेक्षेने बसलो होतो, आणि समोर आल्या त्या वाण्याच्या रोजमेळासारख्या लाखो ओळी. प्रत्येक ओळीत एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण : तो कोणत्या क्षणी आला, शोधकावर कोठे पडला आणि त्याची ऊर्जा साधारण किती होती. दृश्य प्रकाशाचे फोटॉन इतके असंख्य आणि इतके दुबळे असतात की कॅमेरा त्यांची बेरीजच नोंदवतो. क्ष-किरणांचा एक फोटॉन त्यांच्या काही शे ते काही हजारपट ऊर्जेचा असतो, म्हणून तो एकटाही पकडता येतो, आणि मुळात ते येतातही मोजकेच. अतिशय मंद स्रोतांकडून चंद्रासारख्या दुर्बिणीलाही काही दिवसांत एखादाच फोटॉन मिळतो. त्या तक्त्यातला जागेचा रकाना घेतला तर चित्र होते, ऊर्जेचा घेतला तर तापमान आणि मूलद्रव्ये कळतात, आणि वेळेचा घेतला तर क्रॅबच्या पोटातला स्पंदक (वेगाने फिरत किरणांचा झोत फेकणारा अतिघन तारा) सेकंदाला सुमारे ३० वेळा लुकलुकतो हे उमगते. माझ्या मते या शास्त्राचे खरे धन शेवटच्या दोन रकान्यांत आहे, आणि गटांवर फिरते ते मात्र फक्त पहिल्याचे.

हे किरण निर्माण कसे होतात? लोखंड तापत गेले की आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे दिसते, हे लोहाराच्या भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तोच नियम पुढे नेला तर सूर्यपृष्ठाचे साडेपाच हजार अंश तापमान दृश्य प्रकाश देते, आणि पदार्थ काही लाख ते काही कोटी अंशांवर पोहोचला की तो मुख्यतः क्ष-किरणांत तळपू लागतो. दुसरा मार्ग असा की जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना हे किरण फेकतात. क्रॅबची क्ष-किरणांतली झळाळी या प्रकारची आहे. त्यामुळे क्ष-किरणांचा नकाशा काढला की त्यावर ठळक उमटतात त्या कोसळणाऱ्या, फुटलेल्या आणि ओढल्या जाणाऱ्या पदार्थाच्या जागा.

हे सारे १९६२ पर्यंत कोणी गृहीत धरलेले नव्हते. सूर्याकडून क्ष-किरण येतात हे अग्निबाणांवरील उपकरणांनी १९४९ मध्ये दाखवून दिले होते, परंतु सूर्य क्ष-किरणांत जेवढी ऊर्जा टाकतो ती त्याच्या दृश्य प्रकाशाच्या दशलक्षांश भागाच्या आसपास असते. इतर तारे असेच असतील तर त्यांच्या अंतरावरून काहीही मिळणार नाही, असा सरळ हिशेब होता. रिकार्डो जिआकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ जून १९६२ च्या मध्यरात्रीच्या सुमारास न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथून एक लहान अग्निबाण सोडला तो चंद्राच्या पृष्ठभागावरून सूर्याचे क्ष-किरण परततात का, हे पाहण्यासाठी. उपकरणे ८० किलोमीटरच्या वर राहिली ती जेमतेम सहा मिनिटे. अग्निबाण स्वतःभोवती फिरत असल्याने प्रत्येक फेरीत मोजणीचा आलेख एकाच दिशेला उसळी घेत होता, आणि ती दिशा चंद्राची नव्हती. वृश्चिक राशीतला तो स्रोत, स्कॉर्पियस एक्स-१, दृश्य प्रकाशाच्या सुमारे हजारपट ऊर्जा क्ष-किरणांत ओततो. म्हणजे सूर्याचे गणित तिथे साफ उलटे झाले होते. जिआकोनी यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्याचे मूळ या सहा मिनिटांत आहे.

आता शीर्षकातला प्रश्न. नारळ जितक्या उंचावरून पडेल तितका जोरात आदळतो. पडताना त्याला वेग देते ते गुरुत्वाकर्षण. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही. मोरीत पाणी उतरताना गोल फिरते तसा तो फिरत फिरत तबकडी धरतो, तिच्यातल्या थरांचे एकमेकांवर घर्षण होते आणि आतली कड कोटी अंशांपर्यंत तापते. आपल्याला दिसते ती ही तबकडी, विवराच्या सीमेबाहेरची. हायड्रोजनचे हीलियम होताना वस्तुमानाच्या सुमारे ०.७ टक्के भागाचे ऊर्जेत रूपांतर होते; न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवतीच्या तबकडीत हेच प्रमाण सुमारे ६ टक्के असते, आणि अतिवेगाने फिरणाऱ्या विवराभोवती सिद्धान्तानुसार ते ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. विश्वातल्या सर्वांत काळ्या वस्तूंच्या दारात सर्वांत कार्यक्षम भट्ट्या पेटलेल्या असाव्यात, ही गंमत मला अजूनही जुनी वाटत नाही.

हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-१ चे उदाहरण पाहा. तिथे एक निळा महाराक्षसी तारा ५.६ दिवसांत एका न दिसणाऱ्या जोडीदाराभोवती फेरी घेतो, हे १९७१-७२ च्या सुमारास दृश्य दुर्बिणींनी दाखवले. त्याच्या क्ष-किरणांची लुकलुक सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत जाते. तेवढ्या वेळात प्रकाश ३०० किलोमीटर जातो, आणि एखादी वस्तू संपूर्ण उजळायला किंवा मंदावायला निदान प्रकाशाला तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याइतका वेळ लागतोच. म्हणजे लुकलुकणारा भाग फार तर मुंबईपासून कोल्हापूरपर्यंतच्या सरळ रेषेएवढा असणार. २०२१ मधल्या मोजमापानुसार त्या जोडीदाराचे वस्तुमान सुमारे २१ सूर्यांचे आहे. मुंबई-कोल्हापूरच्या अंतरात २१ सूर्य कोंबले तर कृष्णविवराखेरीज दुसरे काही उरत नाही. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये किप थॉर्न यांच्याशी 'हे कृष्णविवर नाही' अशी पैज लावली होती आणि १९९० मध्ये ती हरल्याचे मान्य केले.

प्रश्न आणि दुरुस्त्या दोन्ही यावेत.

सुलभा_रेडिओग्राफर

लेख आवडला, पण माझी एक शंका व्यवसायातूनच आली आहे. तीस वर्षे मी क्ष-किरण विभागात काम केले. छातीचे चित्र काढताना नळी रुग्णापासून सुमारे सहा फुटांवर ठेवत असू. मधली हवा काही अडथळा करते असे आम्ही कधी धरलेच नाही. माणसाच्या छातीतून आरपार जाणारे हे किरण वातावरणातून जमिनीपर्यंत येत नाहीत, आणि त्यासाठी उपग्रह सोडावे लागतात, हे कसे?

शततारका

सुलभाताई, यात दोन गोष्टी एकत्र आहेत. पहिली म्हणजे आपल्या डोक्यावरच्या संपूर्ण हवेचे वजन सुमारे १० मीटर खोल पाण्याच्या वजनाइतके आहे. तुमच्या यंत्राचे किरण एक-दीड फूट जाडीच्या शरीरातून पार होताना बरेच क्षीण होतात, मग १० मीटर पाण्यातून त्यांतले काय उरणार? दुसरी गोष्ट ऊर्जेची. तुमची नळी ६० ते १२० किलोव्होल्टवर चालत असेल. चंद्रासारखी वेधशाळा साधारण अर्धा ते १० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) किरण पाहते. त्यांतला एक किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा किरण जमिनीवरच्या हवेत दोन-तीन मिलिमीटर गेला की त्याचे काम आटोपते. तुमच्या विभागातून तो रुग्णापर्यंत पोहोचलाच नसता.

हिशोबनीस

ज्या किरणांना काच अडवत नाही त्यांचा आरसा कसा करतात, हे कोणी सांगेल का? सरळ पडलेला किरण एक तर शोषला जाईल किंवा आरपार जाईल. शिवाय रंगांबद्दलचा मूळ वाद धागाकर्त्यांनी अर्धवट सोडला आहे. निळा रंग कोणी ठरवला?

सुधन्वा_कोथरूड

आरशाचे मी सांगतो. नदीच्या पात्रात चपटी चिप उभी टाकली तर ती बुडते, पण पाण्याला घासून जाईल अशी आडवी फेकली तर टप्पे घेत जाते. क्ष-किरणही अतिशय गुळगुळीत धातूला एखाद्या अंशाच्या कोनाने घासून गेले तर परावर्तित होतात. हान्स वोल्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये यासाठी आरशांची रचना सुचवली, पण ती सूक्ष्मदर्शकासाठी. तीच पुढे दुर्बिणींनी उचलली. हे आरसे बशीसारखे नसतात. ते किंचित निमुळत्या नळकांड्यांसारखे असतात आणि किरण त्यांच्या आतल्या भिंतीला घासून दोनदा वळतो. एका नळकांड्याने फारच थोडे किरण पकडले जातात, म्हणून डब्यात डबा बसवावा तशी ती एकात एक बसवतात. चंद्रामध्ये इरिडियमचा मुलामा दिलेल्या अशा चार जोड्या आहेत, तर युरोपच्या एक्सएमएम-न्यूटनच्या तीन दुर्बिणींत प्रत्येकी ५८ आरसे आहेत. आरसे थोडे, जाड आणि अचूक ठेवले की चित्र सुस्पष्ट येते. पातळ आणि पुष्कळ ठेवले की किरण जास्त मिळतात. दोन्ही एकदम साधणे महाग पडते. चंद्रा वेधशाळेची सुस्पष्टता अर्ध्या विकलेची (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आहे, म्हणजे चार किलोमीटरवरची एक सेंटीमीटरची वस्तू ओळखण्याइतकी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरील मृदू क्ष-किरण दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांचे आरसे आहेत. त्यांना चंद्राची सुस्पष्टता नाही, पण उपग्रहाच्या वजनात आणि खर्चात बसतील असे ते होते.

शततारका

हिशोबनीस, रंगांचे तुमचे बोलणे रास्त आहे. ऊर्जेचा रकाना तीन भागांत वाटतात. कमी ऊर्जेच्या फोटॉनांना लाल, मधल्यांना हिरवा आणि जास्त ऊर्जेच्यांना निळा रंग देतात. ही वाटणी कोठे करायची ते चित्र करणारा ठरवतो. तेव्हा 'डोळ्याला असे दिसते' हे विधान चूक आहेच, पण 'रंग खोटे आहेत' हेही चूक आहे, कारण रंगांचा क्रम मोजलेल्या ऊर्जेचाच असतो. शाळेच्या नकाशात घाटमाथा तपकिरी आणि किनारपट्टी हिरवी रंगवतात, म्हणून आपण नकाशा खोटा म्हणत नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे. पुष्कळदा एकाच चित्रात हबलचा दृश्य प्रकाश, चंद्रा वेधशाळेचे क्ष-किरण आणि रेडिओ निरीक्षणे मिसळतात, आणि कोणता रंग कशाचा हे सांगणारी ओळ पुढे पाठवताना गळून पडते.

ऊर्जेच्या रकान्याचे मोल पाहायचे तर कॅसिओपिया-ए या स्फोटावशेषाकडे पाहावे. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूची विशिष्ट ऊर्जेची रेषा असते, त्यामुळे सिलिकॉन, गंधक, लोह यांचे नकाशे वेगवेगळे काढता येतात. ताऱ्याच्या गाभ्यात लोह सर्वांत आत असते. या अवशेषाच्या काही भागांत मात्र ते सिलिकॉनच्याही बाहेर गेलेले सापडले. स्फोटात तारा नुसता फुगत बाहेर आला नाही, आतले बाहेर असा उलथापालथ होऊन फुटला, हे त्या नकाशांवरून कळले.

मृदगंध

कृष्णविवरे आणि स्फोट सगळीकडे वाचायला मिळतात. साध्यासुध्या ताऱ्यांचे काय? आम्ही रात्री पाहतो ते व्याध, अभिजित, यांचे क्ष-किरणांत काय होते?

शततारका

हा प्रश्न फार आवडला. १९७८ च्या अखेरीस सोडलेल्या आइन्स्टाइन वेधशाळेने पहिल्यांदा दूरच्या स्रोतांची नीट चित्रे घेतली, तेव्हा जवळजवळ सर्व प्रकारचे तारे क्ष-किरण देतात हे लक्षात आले. सूर्यासारख्या ताऱ्यांत बाहेरचा थर उकळत्या आधणासारखा खालीवर होत असतो, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते पृष्ठभागावरच्या विरळ प्रभामंडळाला दशलक्ष अंशांहून अधिक तापवते. तारा जितका तरुण आणि जितका वेगाने फिरणारा, तितका हा प्रकार जोरात. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडे चंद्रा वेधशाळेने २००३ मध्ये सलग सुमारे १३ दिवस डोळा लावला. तिथल्या हजाराहून अधिक कोवळ्या ताऱ्यांची नोंद झाली, आणि लहान वयातले 'सूर्य' आजच्या सूर्यापेक्षा कितीतरी प्रचंड ज्वाला फेकतात असे आढळले. पृथ्वी घडत होती तेव्हा आपला सूर्यही असाच असणार.

अभिजितमध्ये मात्र असा उकळता बाह्य थर जवळजवळ नाहीच, त्यामुळे आपल्या आकाशातला हा पाचव्या क्रमांकाचा तेजस्वी तारा क्ष-किरणांत अंधारात बसला आहे. व्याधाची कथा आणखी सुरस आहे. डोळ्याला दिसणाऱ्या व्याधाला एक श्वेत बटू, म्हणजे जळण संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहानसा दाट गाभा, जोडीदार आहे, जो दृश्य प्रकाशात त्याच्या सुमारे दहा हजारांश तेजाचा असल्याने दुर्बिणीतूनही कष्टाने सापडतो. चंद्रा वेधशाळेच्या चित्रात हे पार उलटे आहे. मधला झगझगीत ठिपका त्या श्वेत बटूचा, आणि शेजारी मोठा व्याध फिक्कट. तो फिक्कट ठिपकादेखील कदाचित क्ष-किरणांचा नसून उपकरणाच्या गाळणीतून झिरपलेल्या अतिनील प्रकाशाचा असावा, असे चित्र प्रसिद्ध करणाऱ्यांनीच नमूद केले आहे. असा प्रामाणिकपणा पाहिला की मला चित्रांवर रागावणे जमत नाही.

बोस्टनकर

श्वेत बटूचा विषय निघाला म्हणून नावाबद्दल थोडे. आमच्या इथल्या काही मराठी मुलांना वाटते की चंद्रा वेधशाळा चंद्राचा अभ्यास करते. ती सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाची आहे. ओळखीचे लोक त्यांना 'चंद्रा' म्हणत. त्यांचा जन्म १९१० मध्ये लाहोरचा. १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर त्यांनी मांडलेल्या गणितातून पुढे ती प्रसिद्ध मर्यादा आली, की सुमारे १.४ सूर्यांहून जड श्वेत बटू स्वतःचा भार पेलू शकत नाही. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि १९९५ मध्ये ते गेले. वेधशाळा २३ जुलै १९९९ रोजी कोलंबिया यानातून निघाली. त्या मोहिमेच्या प्रमुख आयलीन कॉलिन्स या अमेरिकी अंतराळयानाचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला होत्या. इथे आमच्याजवळ, केंब्रिजमध्ये, तिचे विज्ञानकेंद्र आहे.

विदाविहारी

एक दुरुस्ती. धागाकर्त्यांनी क्रॅबच्या फाइलीतल्या वेळेच्या रकान्यावरून सेकंदाला ३० लुकलुकी काढता येतात असे लिहिले आहे. चंद्रा वेधशाळेच्या सीसीडी शोधकाची (डिजिटल कॅमेऱ्यासारख्या चिपची) ती फाइल असेल तर हे शक्य नाही, कारण तो नेहमीच्या पद्धतीने चालवला तर एका चौकटीला सुमारे ३.२ सेकंद घेतो. ३३ मिलिसेकंदांची लय त्यात पुसून जाते. त्यासाठी दुसरा शोधक लागतो.

मी हे अ‍ॅस्ट्रोसॅटच्या खुल्या निरीक्षणांवर करून पाहिले आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून निघालेल्या या उपग्रहावरचा लॅक्सपीसी हा शोधक वायूने भरलेल्या मोठ्या पेट्यांचा आहे. तो चित्र काढतच नाही, पण फोटॉनाची वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत नोंदवतो. सगळ्या वेळा ३३ मिलिसेकंदांच्या पट्टीवर एकावर एक घड्या घालाव्या तशा आणल्या की आलेखात दोन उंचवटे दिसू लागतात, एक मोठा आणि एक बुटका. पहिल्या रात्री माझ्याकडे नुसती सपाट रेघ आली, कारण उपग्रह पृथ्वीभोवती आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने पडणारा वेळेचा फरक मी वजा केला नव्हता. ती दुरुस्ती केल्यावर रात्री दोनच्या सुमारास ते दोन उंचवटे पडद्यावर उभे राहिले, तेव्हा घरात उठवायला कोणी नव्हते याचे वाईट वाटले.

शततारका

दुरुस्ती मान्य. माझी फाइल सीसीडीचीच होती आणि मी लुकलुकीचा भाग वाचलेल्या माहितीवरून लिहिला.

विदाविहारी

आपल्याकडच्या कामाबद्दल आणखी थोडे. टाटा संस्थेचे लोक साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून हैदराबादहून फुगे सोडून क्ष-किरणांचा वेध घेत आले आहेत, आणि १९७५ च्या आर्यभट उपग्रहावरही असा एक प्रयोग होता. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे तो काही दिवसांतच थांबला. ती कसर अ‍ॅस्ट्रोसॅटने भरून काढली. त्यावरच्या कॅडमियम-झिंक-टेल्युराइड शोधकाच्या घडणीत टाटा संस्थेबरोबर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही सहभाग होता. त्या शोधकाने क्रॅबच्या १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या किरणांचे ध्रुवण, म्हणजे त्यांची कंपने एकाच दिशेत किती आहेत ते, मोजले आणि २०१७ मध्ये असे दाखवले की स्पंदकाचा झोत आपल्याकडे नसतो त्या मधल्या काळातही ते ध्रुवण बदलत राहते. स्पंदक किरण नेमका कोठून फेकतो याबद्दलच्या प्रचलित चित्रांत ही गोष्ट सहज बसत नाही. १ जानेवारी २०२४ रोजी गेलेला भारताचा एक्स्पोसॅट उपग्रह खास ध्रुवणासाठीच आहे.

सुधन्वा_कोथरूड

दीर्घिकांबद्दल अजून कोणी काही लिहिले नाही, आणि मला तर तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ययाति तारकासमूहातला दीर्घिकासमूह घ्या. दृश्य चित्रात शेकडो दीर्घिका आणि मध्ये काळोख दिसतो. क्ष-किरणांत तो काळोखच उजळतो, कारण दीर्घिकांमधली जागा कोटी अंशांच्या विरळ वायूने भरलेली आहे, आणि अशा समूहांत त्या वायूचे वस्तुमान सर्व दीर्घिकांतल्या ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाच्या कितीतरी पट असते. म्हणजे आपण ज्यांना समूहातले मुख्य रहिवासी समजत होतो ते प्रत्यक्षात दुधावरच्या सायीइतके.

यातून एक जुने कोडे पडले. मध्यभागी दाट असलेला वायू क्ष-किरण फेकत सतत ऊर्जा गमावतो, तेव्हा तो थंड होऊन मधल्या दीर्घिकेत दरवर्षी शेकडो सूर्यांइतके नवे तारे घडायला हवेत. तेवढे घडताना दिसत नाहीत. २००३ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी चंद्रा वेधशाळेच्या चित्रांत त्या वायूमध्ये एकाबाहेर एक पसरणाऱ्या तरंगांची नोंद केली. मधल्या दीर्घिकेतले महाकाय कृष्णविवर झोत सोडून वायूत बुडबुडे फुगवते आणि त्यांच्या दाबाने ध्वनितरंग उठतात. एका तरंगाला जायला सुमारे एक कोटी वर्षे लागतात. संगीताच्या भाषेत तो मध्य सप्तकाच्या ५७ सप्तके खाली येतो. हे विवर वायूला थोडे थोडे तापवत ठेवते आणि ताऱ्यांच्या जन्मावर लगाम ठेवते, असे आज बहुतेक जण मानतात. तापवण्याची नेमकी यंत्रणा कोणती यावर मात्र एकमत झालेले नाही.

हिशोबनीस

म्हणजे मोबाइलवर फिरणारी ती 'कृष्णविवराचा आवाज' नावाची भेसूर ध्वनिफीत खरी म्हणायची?

सुधन्वा_कोथरूड

चित्रांतल्या रंगांइतकी खरी, त्याहून अधिक नाही. तरंगांची माहिती मोजलेली आहे, पण ऐकू यावी म्हणून ती ५७-५८ सप्तके वर चढवली आहे. शिवाय तो आवाज विवराच्या आतला नाही, बाहेरच्या वायूतला आहे.

त्या वायूचा वेग थेट मोजण्याची एक संधी मात्र हुकता हुकता साधली गेली. जपानचा हितोमी उपग्रह फेब्रुवारी २०१६ मध्ये गेला आणि मार्चअखेर नियंत्रणातल्या चुकांमुळे वेड्यासारखा फिरून मोडला. तेवढ्या अवधीत त्याने ययातीतल्या समूहाच्या गाभ्याकडे पाहून घेतले होते. लोहाच्या रेषांच्या रुंदीवरून वायूची खळबळ सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर एवढीच निघाली, म्हणजे एवढ्या धुमश्चक्रीच्या शेजारी अपेक्षेहून शांत. त्याच जातीचा शोधक घेऊन एक्सरिझम सप्टेंबर २०२३ मध्ये वर गेला आहे.

बोस्टनकर

मोजणी कोठून कोठे आली पाहा. केनियाच्या किनाऱ्याजवळून १२ डिसेंबर १९७० रोजी, त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, सोडलेल्या उहुरु या क्ष-किरण उपग्रहाच्या सूचीत ३३९ स्रोत होते. 'उहुरु' म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य. जानेवारी २०२४ मध्ये इरोझिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या पहिल्या खुल्या सूचीत, तीही अर्ध्या आकाशाची, सुमारे ९ लाख स्रोत आहेत. त्यांतले बहुसंख्य दूरच्या दीर्घिकांच्या मध्यभागी बसलेली महाकाय कृष्णविवरे आहेत.

सुलभा_रेडिओग्राफर

१९६२ च्या अग्निबाणाला चंद्राकडून काही मिळाले नाही असे वर लिहिले आहे. मग चंद्र क्ष-किरणांत दिसतो की नाही?

शततारका

दिसतो, ताई, आणि तुम्हाला तो ओळखीचाही वाटेल. जर्मनीच्या रोसाट उपग्रहाने १९९० मध्ये त्याचे चित्र घेतले. सूर्याकडची अर्धी बाजू परतलेल्या क्ष-किरणांनी उजळलेली आहे. दुसरी बाजू आसपासच्या आकाशापेक्षाही काळी आहे, कारण आकाशात सर्व दिशांनी येणारा क्ष-किरणांचा एक मंद उजेड आहे आणि चंद्र तो अडवतो. फिल्मवर हाडाची सावली पडावी तशी ही चंद्राची सावली आहे. योगायोग असा की त्या सर्वव्यापी उजेडाचा शोधदेखील १९६२ च्या त्याच सहा मिनिटांतला. पुढे चंद्रा वेधशाळेने आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्याकडे एकूण ७० लाख सेकंद, म्हणजे सुमारे ८१ दिवस, पाहिले आणि त्या उजेडाचा मोठा हिस्सा सुट्या ठिपक्यांचा, मुख्यतः दूरच्या महाकाय कृष्णविवरांचा, असल्याचे स्पष्ट झाले.

मृदगंध

यांतले काहीच साध्या द्विनेत्रीतून दिसणार नाही ना?

विदाविहारी

एक दिसते. सिग्नस एक्स-१ चा दृश्य जोडीदार, एचडीई २२६८६८, सुमारे ८.९ प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). अंधाऱ्या जागेवरून चांगल्या द्विनेत्रीत किंवा लहान दुर्बिणीत तो सापडतो. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास हंस आपल्याकडे माथ्याच्या थोडा उत्तरेला असतो. हंसाच्या मानेवर मध्यभागी ईटा सिग्नी हा चौथ्या प्रतीचा तारा आहे. त्याच्या पूर्वेला जेमतेम अर्ध्या अंशावर, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढ्या अंतरावर, तो आहे. स्कॉर्पियस एक्स-१ च्या मागे लागू नका. तो बाराव्या-तेराव्या प्रतीचा आहे.

मृदगंध

काल जुन्नरच्या पुढे मामांच्या शेतावर गेलो होतो. द्विनेत्री तिपाईवर बसवली, ईटा लगेच मिळाला, आणि सांगितलेल्या अंतरावर एक फिका ठिपका दिसला. तो निळा असेल असे वाटले होते, पण अजिबात निळा नव्हता. चुकीचा तारा पाहिला का? कागदावर आसपासचे पाच-सहा तारे मांडून आणले आहेत, त्याचा फोटो विदाविहारी यांना निरोपातून पाठवला आहे.

विदाविहारी

मांडणी नकाशाशी ताडून पाहिली. बाणाने दाखवलेला ठिपका बरोबर आहे, तोच तो तारा. तो मुळात निळाच आहे; मधल्या ७,२०० प्रकाशवर्षांतल्या धुळीने त्याचा निळा प्रकाश बराचसा गाळून टाकला आहे.